गळ्याखालची चीर

जिवंत मालाच्या गोदामात पाच दरवाजे होते, आणि पाठीचा कणा घेऊन विमानातून उतरणाऱ्या प्रत्येकाला त्यांतल्या एका दरवाज्यातून आत जावं लागे. निळ्या पट्ट्याचं दार माशांचं, हिरवं उभयचरांचं, पिवळं सरपटणाऱ्यांचं, पांढरं पक्ष्यांचं आणि लाल सस्तन प्राण्यांचं. दार चुकलं की पुढचं सगळं चुकत जाई: पाणी चुके, ऊब चुके, खाणं चुके आणि कागद तर हमखास चुके. दारं रंगवणाऱ्याने सृष्टीची इतकी सोपी वाटणी कुठून आणली होती कोण जाणे. एकदा कुठल्याशा प्रयोगशाळेसाठी समुद्रातल्या खडकाला चिकटून राहणाऱ्या पिशवीसारख्या जिवांची पेटी आली. त्यांना ना कणा, ना डोकं; दाबलं की पाण्याची चिळकांडी उडे, एवढाच त्यांचा बाणा. पण पिल्लू असताना त्यांच्या शेपटीत पृष्ठरज्जू असतो, म्हणजे कण्याच्या जागी असणारी लवचीक दांडी, आणि त्या बालपणाच्या पुण्याईवर ते माणसासकट सगळ्या कणेवाल्यांचे भाऊबंद ठरतात. कागदावर 'समपृष्ठरज्जू प्राणी' असं बिनचूक लिहिलेलं, दार मात्र एकही लागू पडेना. अखेर ती पेटी साहेबांच्या खोलीत टेबलाखाली ठेवली, आणि साहेब दिवसभर पाय वर घेऊन बसले.

या गोदामात थोरली पशुवैद्य होती. घरात मोठी सून म्हणून थोरली, इथे मॅडम. दोन्हीकडे तिचं काम साधारण एकच होतं: आलेल्याला त्याच्या जागी बसवायचं आणि कुणी कुणाला खाणार नाही हे पाहायचं.

त्या दिवशी सकाळपासून तिचा पाय एका जागी ठरत नव्हता. सकाळच्या विमानातून तिच्या धाकट्या दिराचा माल उतरला होता. त्याचं शोभेच्या माशांचं दुकान होतं. परदेशातून थेट माल मागवायचा परवाना त्याला नुकताच मिळाला होता आणि ही त्याची पहिलीच खेप. परवाना मिळाला त्याच दिवशी थोरली साहेबांकडे जाऊन सांगून आली होती, की घरच्या मालाला मी हात लावणार नाही, सही तर नाहीच नाही. ते सगळं पोपटरावांनी बघायचं. साहेब म्हणाले, "उत्तम." पोपटराव म्हणाले, "म्हणजे माझं काम वाढलं."

पोपटराव हे गोदामातले दुसरे तपासनीस. त्यांचा अभ्यास पोपटांच्या चोचींवरचा, आणि नाकही विषयाला शोभेलसं. खरं नाव फक्त हजेरीपुरतं उरलं होतं.

तेव्हा थोरली सकाळपासून पिवळ्या दाराआड कासवं तपासत होती. कासव तपासायला घाई करून भागत नाही. ते आपल्या वेळेने डोकं बाहेर काढतं. तिचे हात मात्र भराभर चालत होते. कासव उचलायचं, उलटं करायचं, पोटाखालची ढाल बघायची, खाली ठेवायचं, तोच खिशातला फोन थरथरायचा. धाकट्याचा निरोप: "वहिनी, उतरला का?" थोड्या वेळाने: "वहिनी, सुटला का?" मग नुसतं प्रश्नचिन्ह. एका हॉटेलच्या दालनातली मोठी काचेची टाकी त्याने भरायला घेतली होती. संध्याकाळी तिथे पाहुणे येणार होते आणि टाकीत अजून नुसतं पाणी होतं. तिने फोन परत खिशात ढकलला.

"तू तरी मान आत घे बाबा," ती हातातल्या कासवाला म्हणाली, आणि कासवाने ऐकलं.

जेवणाच्या सुट्टीआधी तिला निळ्या दाराआड जावं लागलं. दुसऱ्या एका व्यापाऱ्याच्या गोल्डफिशांच्या अंगावर पांढरे ठिपके दिसत होते, ते तिच्याकडे आले होते. पाणीखोलीत भिंतीला लागून सिमेंटचे हौद, त्यांतून अखंड वाहतं पाणी, पंपाची घरघर आणि हौदवाल्या मावशींचं राज्य. गुडघ्यापर्यंत रबरी बूट घातलेल्या मावशी तिथे कुणालाही सांगू शकत की पाय पुसून ये, अगदी साहेबांनाही.

गोल्डफिश बघून झाले. निघताना तिची नजर कोपऱ्यातल्या हौदाकडे गेली. तिकडे बघायचं नाही असं ती आल्यापासून स्वतःला बजावत होती, त्यामुळे नजर तिकडेच गेली.

हौदात पाण्याखाली तीन जाळीदार टोपल्या बुडवलेल्या होत्या. वाम ठेवायची इथली तीच रीत. वाम म्हणजे लांबट, निसरडा मासा. हौदाच्या कडेवरून सरसर चढून जातो. मागे एक असाच निसटून हिशेबनीस बाईंच्या डब्याच्या पिशवीत सापडला होता, आणि बाई तेव्हापासून डबाच आणत नाहीत. म्हणून वाम आला की टोपलीत भरायचा, झाकण तारेने आवळायचं, टोपली अख्खी पाण्याखाली सोडायची आणि वर दगड ठेवायचा. माशाला कल्ले असतात. पाणी वाहतं असलं की झालं.

टोपलीच्या झाकणाला आतून काळ्या बोटांसारखं काहीतरी टेकत होतं. टेकायचं, जरा सरकायचं, दुसरं छिद्र शोधायचं, पुन्हा टेकायचं.

"मावशी, हे कुणाचं?" तिने माहीत असून विचारलं.

"तुमच्याच घरचं की! वाम. पोपटरावांनी टाकायला सांगितले. फार वळवळे आहेत हो. टाकल्यापासून झाकणाला ढुशा देतायत. पण तार मी आवळलीय, माझ्या हातून नाही कुणी सुटत."

"टाकल्यापासून?"

"हो. आता जरा दमलेत."

थोरली हौदाशी वाकली. पाठीवर पर दिसेना. डोक्यामागे दोन्ही बाजूंना लहान पर असायला हवे होते, तेही नाहीत. कातडीला मात्र डोक्यापासून शेपटापर्यंत वळ्या, एकीला लागून दुसरी, गांडुळाला असतात तशा. डोळे असून नसल्यासारखे, कातडीखाली दोन फिकट ठिपके. आणि झाकणाला टेकणाऱ्या त्या तोंडांवर नाकपुड्या होत्या, उघडझाप करू पाहणाऱ्या.

हे वाम नव्हते. मासेच नव्हते. देवगांडूळ म्हणतात त्या जातीचे, पाण्यात राहणारे. गांडुळाचा आकार, पाय नाहीत, पण गोत बेडकाचं. मोठे झालेले देवगांडूळ फुप्फुसांनी श्वास घेतात. थोडा कातडीतूनही घेतात, म्हणून तर अजून जिवंत होते. त्यांना वर यायचं होतं आणि वर झाकण होतं.

हात टोपलीकडे गेला आणि मध्येच थांबला. घरच्या मालाला हात लावायचा नाही. हे तिनेच ठरवलेलं. आणि हात लावला, तोंड उघडलं, तर पुढचं सगळं तिला पाठ होतं. उभयचर म्हणजे हिरवं दार. हिरव्या दाराला कातडीच्या बुरशीची तपासणी झाल्याचा दाखला लागतो. धाकट्याने मासे म्हणून माल आणलेला, असा दाखला त्याच्याकडे असायचं कारणच नाही. चुकीच्या वर्गाखाली प्राणी आणला, दाखल्याशिवाय आणला: परवाना जागच्या जागी स्थगित.

"मावशी, मी येते आत्ता. यांच्याकडे बघत राहा."

"बघून काय करू?"

ती दाराबाहेर पडलीसुद्धा.

पोपटराव पांढऱ्या दाराआड होते. त्यांच्या काखेत टॉवेलमध्ये गुंडाळलेला मोठा निळा पोपट होता आणि ते त्याच्या पंखाखालून रक्त घेत होते. पोपट त्यांना उद्देशून काहीतरी परक्या भाषेत बोलत होता. स्वर शिव्यांचा होता.

"पोपटराव, पाणीखोलीत चला."

"आत्ता? सुई आत आहे."

"सकाळचे वाम नीट पाहिलेत का तुम्ही?"

"पाहिले. लांब, काळे, बुळबुळीत. कागदावर वाम, पेटीवर वाम. मॅडम, तुमच्या दिराचा माल आहे, तुम्ही त्याच्या आसपासही फिरू नका. उगाच कुणी बघेल आणि म्हणेल, वहिनी हौदाशी काय करत होती."

"ते मासे नाहीत. श्वास कोंडतोय त्यांचा."

पोपटरावांनी मान वर केली. तेवढ्यात पोपटाने त्यांच्या अंगठ्याला चोच लावली आणि तपासनीसाचं सगळं लक्ष परत पक्ष्याकडे गेलं. "दोन मिनिटं! सोड रे! दोन मिनिटं द्या मला, मी येतो!"

थोरली दारात उभी राहिली. एक पाय आत, एक बाहेर. सुई काढून, बोळा दाबून, पोपट पिंजऱ्यात घालून, हात धुऊन हे येणार, आणि आल्यावर आधी चष्मा शोधणार. तिने वाट पाहिली नाही. बोळातून ती जवळजवळ पळतच परत गेली, पाणीखोलीत शिरली आणि हौदाच्या तळाची निचऱ्याची तोटी दोन्ही हातांनी फिरवली.

"अहो! पाणी जातंय सगळं!" मावशी ओरडल्या.

"जाऊ द्या."

"मॅडम, मासे तडफडतील! आणि तुम्ही स्वतःच म्हणाला होता ना, घरचा माल..."

"म्हणाले होते."

पाणी उतरत गेलं. आधी दगड उघडे पडले, मग तारा, मग झाकणं. झाकणाच्या खाली दोन बोटं हवा झाली तेव्हा तिने तोटी बंद केली. पहिलं नाक वर आलं. मग दुसरं. मग टोपलीभर नाकं एकावर एक चढून झाकणाखाली आली आणि खोलीत पंपाच्या घरघरीखाली एक बारीक, ओला आवाज ऐकू येऊ लागला, थेंब फुटावा तसा, पुन्हा पुन्हा.

मावशी जवळ सरकल्या. मग हळूच म्हणाल्या, "हे काय करतायत?"

"श्वास घेतायत."

"मासे?"

थोरली टोपल्यांवर वाकली. मधल्या टोपलीत तळाशी एक जण वर आला नव्हता. तिने तार सोडवली, त्याला दोन हातांवर उचललं, उलटसुलट केलं, बरगडीखाली बोटांनी हलकेच दाबलं. तोंडातून पाणी आलं. आणखी काही आलं नाही.

पोपटराव आले ते अंगठ्याला पट्टी गुंडाळतच. हौदातलं पाणी, उघडी टोपली आणि थोरलीच्या हातातला तो काळा दोर त्यांनी एका नजरेत पाहिला, आणि मावशींना चहा घेऊन यायला पाठवलं. मावशी इतक्या हळू गेल्या की निम्मं बोलणं त्यांच्या कानावर पडलंच.

"तोटी तुम्ही उघडलीत?"

"हो."

"बरं. ती मी उघडली असं समजू." पोपटराव हौदाच्या कडेवर बसले. माणूस वाईट नव्हता. दुसऱ्याची अडचण दिसली की आधी ती झाकायला धावे. "आता नीट ऐका. श्वास घ्यायला वर येतो म्हणून काय झालं? चिखलात राहणारा वाम असतो ना, तोही वर येऊन हवा घेतो. त्यालाही पर नसल्यासारखेच. त्यालाही खवले नाहीत. आणि तो शंभर टक्के मासा आहे, पुस्तकात बघा. मी लिहितो, 'हवा घेणारा वाम, पाणी उथळ ठेवावे.' कागद तोच, दार तेच. संध्याकाळपर्यंत माल बाहेर. काय?"

थोरलीला हे बिनतोड वाटलं. खोटं वाटावं असं त्यात काही नव्हतंच. फार तर एक चूक, आणि तीही तिची नव्हे. दुसऱ्याने केलेली, दुसऱ्याच्या सहीची. तिला त्यासाठी बोट उचलायचं नव्हतं, फक्त इथून निघून कासवांकडे जायचं होतं.

"चिखलातल्या वामाला गळ्याखाली कल्ल्याची चीर असते," ती शेवटी म्हणाली. "एकच, आडवी. पण असते."

"असेल. कोण बघतंय?"

फोन थरथरला. तिने मेलेला प्राणी ओल्या फडक्यावर ठेवला, हात पुसले आणि बोळात आली. बोळ लांबलचक होता. ती बोलता बोलता या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहिली.

"वहिनी! आहात ना? मला वाटलं तुम्हालाच पिंजऱ्यात घातलं."

"माल मागवायच्या आधी पाहिला होतास का तू?"

"व्हिडिओ पाहिला. काळा कुळकुळीत, चमकतो नुसता. धंद्यात रबरी वाम म्हणतात त्याला. सगळीकडे त्याच नावाने विकला जातो."

"वर येऊन श्वास घेतो, हे माहीत होतं?"

"म्हणून तर घेतला! नाक वर काढतो, लोक बघत उभे राहतात."

"मग मासा नाक वर काढून श्वास कशाला घेईल, असं नाही वाटलं तुला?"

"वहिनी, शाळेत असताना मला जीवशास्त्र कोण शिकवायचं? तुम्हीच. तेव्हा दोष कुणाचा?" तो हसला. ती हसली नाही, तसा त्याचा आवाज उतरला. "का? मेले का?"

"एक मेला. ते मासे नाहीत रे. बेडकाच्या गोतातले आहेत."

"बेडूक? अहो, पाय कुठायत?"

"सापाला तरी कुठे असतात?"

मग धाकट्याने अगदी सावकाश विचारलं, "हे कागदावर आलंय का?"

"अजून नाही."

"मग येऊ देऊ नका." आणि मग बांध फुटल्यासारखा तो बोलत सुटला. "वहिनी, पहिली खेप आहे. पहिल्याच खेपेला शिक्का बसला तर पुन्हा कोण उभं करेल मला? मी काही लपवून आणलं का? ज्या नावाने विकतात त्या नावाने आणलं. आईने अख्ख्या गल्लीला सांगून ठेवलंय. दादाचं तुम्हाला माहीत आहे, तो आधीच म्हणत होता नोकरी बघ म्हणून. तुम्ही काही करू नका, फक्त गप्प राहा. मी आजच नेऊन टाकीत सोडतो. कुणाचं काय बिघडलं?"

"तुझ्या दुकानातलं टाक्यांचं पाणी कुठे जातं?"

"काय?"

"बदललेलं पाणी. कुठे सोडतोस?"

"मागे. मोरीतून... तळ्याकडे जातं. का?"

का ते तिने सांगितलं नाही. ती तळ्याकाठी अनेकदा उभी राहिली होती. दुकानात गर्दी असली की मागच्या दाराने बाहेर पडून ती तिथेच थांबे. काठच्या गवतात संध्याकाळी बेडूक एकसुरात ओरडत. कातडीची ती बुरशी पाण्यातून पसरते. बेडकाच्या कातडीत शिरते, आणि कातडीतूनच पाणी आणि श्वास घेणारा प्राणी काही दिवसांत जागच्या जागी थंड पडतो. डोंगरच्या डोंगर अशाने मुके झाल्याचं तिने वाचलं होतं. या पेट्यांत ती बुरशी असेलच असं नाही. नसेलच असंही कुणी सांगू शकत नव्हतं. दाखला नव्हता तो त्याचाच.

"वहिनी?"

"तू इकडे ये," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

पाणीखोलीत पोपटराव पेन उघडून बसले होते. "लिहू ना? 'हवा घेणारा वाम.'"

"एक काम करा. आधी ती चीर दाखवा मला." तिने टेबलावरचा दिवा ओढला, मेलेल्या प्राण्याला त्याच्याखाली उताणं ठेवलं आणि खिशातलं भिंग त्यांच्यापुढे केलं. "सापडली तर मी कासवांकडे जाते, पुन्हा तोंड उघडणार नाही."

"मॅडम, मी पक्ष्यांचा माणूस. ज्याला पिसं तो पक्षी, विषय संपला. तुमच्या या खालच्या मंडळींत कुणी पर टाकतो, कुणी पाय टाकतो, कुणी हवा घेतो. मला यात कशाला ओढता?"

"कारण मला सही करता येत नाही. माझ्या घरचा माल आहे. तुमच्याशिवाय हे कुणी लिहू शकत नाही."

"आणि लिहिलं तर काय लिहू? पोपटराव नावाच्या तपासनीसाने फुप्फुसवाल्याला झाकण लावून बुडवलं?"

"तेही लिहा. आणि मॅडमने नियम मोडून तोटी उघडली, तेही."

पोपटरावांनी तिच्याकडे पाहिलं. मग नाइलाजाने भिंग घेतलं. त्यांना वाटलं होतं, एक नजर टाकू, मान हलवू आणि कसल्या तरी सुरकुतीवर बोट ठेवू. पण या माणसाने तरुणपणची कितीतरी वर्षं भिंगाखाली चोचींचे कंगोरे मोजण्यात घालवली होती. डोळा भिंगाला लागला की त्यांना खोटं बघताच येत नसे. ते गळ्यापासून सुरुवात करून सावकाश पोटाकडे गेले, परत आले. दिवा डावीकडून धरला, मग उजवीकडून. एक वळी चिमट्याने उचलून पाहिली. खाली नुसती कातडी. दुसरी उचलली. डोळ्याचा ठिपका आणि नाकपुडी यांच्यामध्ये एक सूक्ष्म खळगा होता, तिथे ते बराच वेळ थांबले.

"हे काय?" त्यांनी विचारलं. आवाज आता वेगळा होता.

"स्पर्शिका असते तिथे. चाचपायला. कुठल्याच वामाला नसते."

"कमाल आहे." ते पुन्हा गळ्याकडे आले. थोरली त्यांच्या मागे उभी होती, एका पायावरून दुसऱ्या पायावर वजन टाकत. चीर सापडावी असं तिला एक क्षण इतकं मनापासून वाटलं, की तीच पुढे वाकून शोधू लागली. गळा दिव्याखाली गुळगुळीत चमकत होता.

पोपटरावांनी भिंग खाली ठेवलं. "नाही," ते म्हणाले. मग पेन उचललं आणि लिहू लागले, आणि लिहिताना त्यांचे कान लाल झाले होते. आपलं नाव त्यांनी वगळलं नाही. तिचंही नाही.

मावशी चहा घेऊन आल्या तेव्हा टोपल्या हिरव्या दाराकडे निघाल्या होत्या. "हे घ्या, आणि हे आता कुठे?" त्या म्हणाल्या. "एवढं पाणी बदललं मी यांच्यासाठी!" मग एक टोपली त्यांनीच उचलून घेतली.

धाकटा आला तो खिडकीवर. बाहेरच्यांना काचेच्या पलीकडेच थांबावं लागे. पोपटरावांनी त्याला निर्णय वाचून दाखवला: वर्ग चुकीचा, दाखला नाही, चौकशी होईपर्यंत परवाना स्थगित, प्राणी विलगीकरणात राहतील, कातडीचे नमुने तपासले जातील, निकाल येईल तसं पुढे. सगळं ऐकून झाल्यावर तो मागे उभ्या असलेल्या थोरलीकडे वळला.

"घरचं माणूस आत आहे म्हणून मी निर्धास्त होतो."

तिने काचेवर हात ठेवला, लगेच काढून घेतला. "तुला माहीत नव्हतं, असं पोपटरावांनी लिहून दिलंय. मीही सांगेन."

"त्याने काय होणार?"

"ठाऊक नाही."

तो जायला वळला. तीन-चार पावलं गेला आणि थांबला. पाठ तिच्याकडेच होती.

"पाणी किती ठेवलंय?" त्याने विचारलं.

"वीतभर."

"गार आहे?"

"गारच आहे. निळ्या खोलीतलंच भरून नेलं."

"मग मरतील उरलेले." तो परत फिरला, काचेजवळ आला, तिच्याकडे मात्र पाहत नव्हता, तिच्या खांद्यावरून पलीकडच्या हिरव्या दाराकडे पाहत होता. "गरम प्रदेशातले आहेत ते. पाणी कोमट करा, हळूहळू, एकदम नको. आत नळीचे तुकडे टाका, अंधार लागतो त्यांना. आणि वरपर्यंत येईल असं काहीतरी ठेवा, झाडाची फांदी, काहीही. सारखं पोहत राहून नाक वर धरायचं तर दमतात. खायला मासळीचे तुकडे, तोंडापाशी न्यावे लागतात, दिसत नाही त्यांना."

"तू आत येऊन दाखव. साहेबांची परवानगी काढते."

"नको," धाकटा म्हणाला. "मला हॉटेलात जाऊन सांगायचंय." आणि या वेळी तो खरोखरच गेला.

तिने पाणी कोमट केलं. हीटरचा काटा थोडा थोडा वाढवत ती हिरव्या दाराआड उभी राहिली. मावशींनी प्लॅस्टिकच्या नळीचे तुकडे कापून आणले, पोपटरावांनी पोपटाच्या पिंजऱ्यातली एक वाळकी फांदी धुऊन आणली आणि पाण्यात तिरकी ठेवली. थोड्या वेळाने एक जण फांदीवर रेलला. दुसरा त्याच्या अंगावरून चढला. नाकपुड्या पाण्याबाहेर आल्या आणि तिथेच राहिल्या.

खिशातला फोन पुन्हा थरथरला. पडद्यावर घरचा नंबर होता, म्हणजे सासूबाई. धाकटा हॉटेलात जायच्या आधी घरी बोलला असणार. तिने फोन हातात धरला आणि खोलीत एक फेरी मारली. दुसरी मारली. फोन थांबला, आणि लगेच परत सुरू झाला.

तिने कानाला लावला.

"हो आई, मीच बोलतेय... नाही, पोपटरावांनी नाही. त्यांनी फक्त लिहिलं. मीच सांगितलं... हो, तो माल आपलाच आहे हे माहीत असून."

पलीकडे घरातला पंखा फिरत असल्याचा आवाज तेवढा येत होता.

"आई, ऐकताय ना?" थोरली म्हणाली, आणि दुकानामागच्या तळ्यापासून सांगायला लागली.